कादरभाईंची काळी रिंग

सकाळी शटर वर ढकलताना कादरभाई म्हणायचे, "थकलो बा आता." संध्याकाळी शटर खाली ओढतानाही हेच. मधल्या दिवसभरात मात्र त्या माणसाला स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नाही. ढाणकीच्या बाजारगल्लीत त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आणि माझं शिलाईचं, अशी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होती. भिंत इतकी पातळ की माझ्या मशीनचा टकटकाट त्यांना आणि त्यांचं 'थकलो' मला रोज ऐकू यायचं. पहिली एक-दोन वर्षं मला काळजी वाटायची. मग कळलं की हा माणूस थकल्याशिवाय कामाला लागतच नाही.

एकदा मीच वैतागून म्हटलं, "कादरभाई, इतके थकले तं घरी बसा ना."

"घरी बसून थकलो तं मग कुठं जाऊ, ताई?" ते म्हणाले आणि मोटरीत डोकं घालून बसले.

उंच, पाठीत वाकलेले, पायजमा नडगीपर्यंत गुंडाळलेला, डोक्यावर पांढरी विणलेली टोपी. सगळ्या अंगाला काळं तेल लागलेलं असायचं, पण हाताची नखं बघाल तर एखाद्या नर्सबाईसारखी अगदी मुळापर्यंत कापलेली. दर शुक्रवारी नखं कापायचेच. मला वाटायचं धर्माचं काही असेल. असेलही. पण विचारलं तेव्हा कारण वेगळंच निघालं. नखानं रबर कापतं, म्हणाले. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतं.

विहिरीतल्या, बोअरमधल्या पाणबुड्या मोटरी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मोटर पाण्यात राहते आणि पाणी मोटरीत जात नाही, ते कशामुळे? रबराच्या एका सीलमुळे. लोक तांब्याच्या तारेची चौकशी करायचे, कादरभाई सीलची. पुढं त्यांच्याकडे ती दुसरी मशीन आली, तेव्हा हे सीलचं वेड अजूनच वाढलं.

ती मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. लांब दांडी, खाली चपटी गोल थाळी, वर मुठीजवळ सेल घालायची डबी आणि डबीला फिरवून आवळायचं, आट्यांचं झाकण. पाण्यात बुडवली तरी चालणारी. उमरखेडकडच्या एका गुप्तधनवाल्याला ती कुठून तरी मिळाली होती. धन काही मिळालं नाही, शेतातली मोटर मात्र जळली. कादरभाईंनी मोटर नव्या तारेनं भरून दिली आणि त्या बदल्यात तो मशीन टाकून गेला. तेव्हापासून आसपासच्या गावांत कुणाचा पाना विहिरीत पडला, पाइपाच्या तोंडाचा फूटवाल निसटला, कुणाची अंगठी कालव्यात गेली, की लोक कादरभाईंकडे यायचे.

आलेल्या माणसाला ते पहिला प्रश्न एकच विचारायचे. "पडताना आवाज झाला काय?"

आवाज झाला तर दगडावर पडली, म्हणजे घरंगळली असणार. नाही झाला तर गाळात, म्हणजे पडली तिथंच आहे. लोकांना हे ऐकूनच अर्धा धीर यायचा.

गुप्तधनवाले तर काही पिच्छा सोडायचे नाहीत. एकदा जीपमधून तिघं उतरले, सोबत एक बाबा आणि पिशवीभर लिंबं. जुन्या गढीत हंडा आहे म्हणे, तुमची मशीन पाहिजे, वाटा देऊ. कादरभाईंनी हातातली तार खाली ठेवली नाही.

"कोनाचा हाय हंडा?"

"कोनाचाच नाही, चाच्या. जुन्या काळचा हाय."

"ज्यानं ठेवला त्याले घेऊन या. त्यानं म्हटलं का माहा हरवला, तं येतो. हरवलेलं शोधतो मी. ठेवलेलं नाही."

बाबानं डोळे मोठे करून शापाची भाषा केली. कादरभाई दमलेल्या आवाजात म्हणाले, "महाराज, ते जमत असन तं आधी ही मोटर पाहा. सकायपासून चालून नाही राह्यली." जीप निघून गेली आणि एक लिंबू ओट्यावर राहिलं. त्याचं सरबत करून आम्ही दोघं प्यालो.

आता त्या रिंगेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

मशीनच्या झाकणाखाली एक काळी रबरी रिंग असते, बांगडीपेक्षा लहान, पोत ओवायच्या दोऱ्याहून जराशी जाड. पाणी अडवते ती तेवढीच. अर्धा तास पाण्यात काम केलं की कादरभाई तासभर तिच्यामागे असायचे. आधी मशीन स्वच्छ पाण्यानं धुवायची, पुसायची, पूर्ण वाळू द्यायची. मग झाकण उघडून सेल बाहेर. मग रिंग काढायची, तीही पेचकसाचं टोक न लावता, दोन अंगठ्यांनी दाबून फुगवटा आणायचा आणि उचलायची. बोटांत फिरवत उजेडाकडे धरायची. वाळूचा कण, केस, तडा काही दिसतं का ते बघायचं. जिच्यात ती बसते ती खाच कापडानं पुसायची. मग पांढरं सिलिकॉन ग्रीस, मुगाच्या दाण्याएवढं, तेवढंच.

"थोडं जास्त लावलं तं काय होते?" मी एकदा विचारलं.

"जास्त लावलं का कचरा धरते. रिंग चमकली पाह्यजे, चिकटली नाही पाह्यजे." मग समोरच्या खिळ्याकडे बोट. तिथं एक वेडीवाकडी फुगलेली रिंग टांगलेली होती. कधीतरी ग्रीस संपलं म्हणून गॅरेजवाल्याचं बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं होतं, त्यात ती भिजल्या हरभऱ्यासारखी फुगली. फेकून न देता त्यांनी ती समोर लावून ठेवली होती. आपली चूक डोळ्यांसमोर टांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आपण तर चुका पेटीच्या तळाशी ठेवतो.

पुसायला कापड माझ्याकडून जायचं. "ताई, चिंधी द्या. पन धागा न सोडनारी." टेरिकॉट चालायचं नाही, नवं सूत चालायचं नाही. जुन्या मलमलच्या अस्तराच्या चिंध्या मी त्यांच्यासाठी डब्यात जमवायचे. माझ्या उभ्या जन्मात माझ्या चिंध्यांना एवढा मान कुणी दिला नाही.

आणखी दोन नियम होते. एक, मशीन खुंटीला असेल तेव्हा झाकण दोन आटे ढिलं ठेवायचं. "रबरालेबी आराम लागते. सदा दाबून ठेवलं का ते दबलेलंच राह्यते. मंग पानी आलं तं उठत नाही." दोन, पाण्यात जायच्या आधी, कितीही घाई असो, झाकण पुन्हा उघडून रिंग एकदा पाहायची. आदल्या दिवशी पाहिली असली तरी.

दसऱ्याला आमच्या ओळीतल्या दुकानांची पूजा माझ्याकडे असायची. शिलाईमशीन, कात्री, पट्टी मांडायची, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. कादरभाई दरवर्षी आपले पाने आणि पक्कड आणून माझ्या कात्रीशेजारी ठेवायचे. "माहेबी ठेवा, ताई. तेबी थकले असतीन." पूजा झाली की औजारांना त्या दिवशी हात लावायचा नाही, टिळा पुसायचा नाही, हे ते माझ्यापेक्षा कडक पाळायचे.

त्या वर्षी ते पाने ठेवून दुपारच्या नमाजाला गेले. दुकान उघडंच, मी आहे म्हणून. मी पूजा करत होते आणि माझी नजर खुंटीवरच्या मशीनकडे गेली. सगळ्यांची पूजा होते, हिचीच कधी होत नाही. एवढी लोकांच्या वस्तू शोधून देते बिचारी. मला कुठून माया आली कोण जाणे. मी मशीन उतरवली, टेबलावर आडवी ठेवली, टिळा लावला, अक्षता वाहिल्या. फूल खोवायला गेले तर ढिलं झाकण हातात आलं. मी ते तसंच परत बसवलं आणि मशीन खुंटीला लावली. बोटांना कुंकू होतं, कुंकवात कालवलेल्या तांदळाच्या कण्या होत्या. पूजेच्या बोटांकडे कोण बघतं?

कादरभाई आले, टिळा बघून हसले. "आज इचीबी ईद झाली," म्हणाले. टिळा पुसायचा नाही म्हणून त्यांनी त्या दिवशी मशीनला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शटर उघडतंय तोच जमनीबाई आली. फुलसावंगीच्या रस्त्याला जो तांडा आहे, तिथली ही म्हातारी बंजारीण. तिच्या नातीच्या लग्नाचे कपडे माझ्याकडे शिवायला होते, त्यामुळे ओळख. ती धाय मोकलून रडत होती. तांड्याच्या तलावावर दगडावर बसून, राखेनं घासताना, केसांत कानशिलाजवळ माळायची चांदीची टोपली पाण्यात गेली होती. टोपल्या दोन, डावी आणि उजवी. डावी गेली.

"माह्या याडीची हाय वो," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "याडीनं मले देल्ली, मी पोरीले देनार होती. पोरगी मेली माही. आता तिच्या पोरीच्या केसात घालाची होती. एक घालून कशी पाठवू तिले?"

मी तिला धरून कादरभाईंच्या ओट्यावर नेलं.

"पडताना आवाज झाला काय, माय?"

"नाही झाला."

"मंग हाय तिथंच. भेटते."

'भेटते' असं ते सहसा म्हणत नसत. 'पाहू' म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले. आणि जमनीबाई म्हणाली की तासाभरात तांड्याच्या म्हशी पाण्यात उतरतात, मग गाळ तुडवला जातो, वस्तू कुठल्या कुठे जाते. कादरभाईंनी मशीन खुंटीवरून काढली, सेल घातले, झाकण आवळलं आणि ऑटो थांबवला. मीही दुकान बंद करून बसले.

तलावावर त्यांनी पायजमा वर खोचला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरले. थाळी पाण्याखाली नेली, मूठही बुडाली. थोड्या वेळानं मशीन किरकिरली. जमनीबाई उभी राहिली. कादरभाईंनी थाळी पुन्हा त्याच जागेवरून नेली. आवाज चिरका झाला, मग बारीक झाला, मग गेला. त्यांनी बटण दाबलं, परत दाबलं. काही नाही.

काठावर येऊन त्यांनी झाकण उघडलं. डबीतून पाणी गळलं. अंगठ्यांनी रिंग उचलली, उजेडाकडे धरली आणि थांबले. मी दोन पावलांवर होते. त्यांनी रिंगेवरून बोटानं काहीतरी टिपलं, मूठ मिटली आणि मलमलच्या चिंधीला पुसली.

"रिंग म्हातारी झालती," ते म्हणाले. "माह्या ध्यानात नाही आलं."

गावात परतलो तेव्हा चहावाला आपला सल्ला घेऊन हजर. "कादरभाई, तांदळात ठेवा मशीन. माहा मोबाइल तसाच सुधरला."

"तांदूय राहू द्या," कादरभाई म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. इतकं जपून पाहिलं नाही की मला संशय आला.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर ती चिंधी पडली होती. तिच्यावर लाल डाग होता आणि डागात अर्धी कणी. मी शिवणारी बाई आहे, सुईच्या नेढ्यातून बघायची सवय आहे मला. मला सगळं दिसलं. चिंधी मी उचलली, ब्लाउजच्या आत खुपसली आणि घरी जाऊन चुलीत टाकली. सांगितलं काहीच नाही. ओठांवर यायचं आणि परत जायचं.

मशीन पुन्हा बोलली नाही. आतली सर्किटची पट्टी हिरवी पडली होती. कादरभाई मात्र दुसऱ्या दिवशी तलावावर गेले. काठापासून पाण्यात दोरी ताणायची आणि दोरीच्या कडेनं अनवाणी पायांच्या बोटांनी गाळ चाचपत जायचं. मग दोरी वीतभर सरकवायची. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. जमनीबाई स्वतः दुकानात येऊन हात जोडून म्हणाली, "राहू दे भाऊ. तुह्या जिवापेक्षा मोठी नाही ते."

"मी 'भेटते' म्हटलं होतं, माय," ते म्हणाले. एवढंच.

लग्न झालं. नातीच्या ओढणीची डाव्या बाजूची दुमड मी अशी शिवली की कानशील झाकलं जावं. आरसे त्याच बाजूला जास्त लावले, नजर तिकडेच जावी आणि आत जाऊ नये म्हणून. फोटोत कुणाला काही कळत नाही. सगळे म्हणाले, काय ओढणी शिवली! त्या कौतुकानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमनीबाईनं उरलेलं कापड परत नेताना नुसता माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिला वाटत होतं मी तिची लाज राखली.

त्या उन्हाळ्यात तलाव आटेल अशी मला आशा होती. पण पाणी भरपूर होतं, आटलाच नाही.

वर्षभर मी भिंतीपलीकडून 'थकलो बा' ऐकत राहिले. पूर्वी हसू यायचं, आता टाका चुकायचा. माझ्याकडूनच मलमलच्या चिंध्या जायच्या, बंद पडलेल्या मशीनची रिंग ते तशीच पुसायचे, तसंच मुगाएवढं ग्रीस लावायचे. मी एकदा म्हटलं, "कायले करून राह्यले आता?" तर म्हणाले, "सवय हाय, ताई."

दसरा आला. मी माझी कात्री-पट्टी मांडली. कादरभाई पाने घेऊन आले, पक्कड घेऊन आले आणि मग परत जाऊन मशीन घेऊन आले. माझ्या टेबलावर आडवी ठेवली.

"ताई, यंदा झाकन आवळून आनलं. करा पूजा."

माझ्या हातातली कुंकवाची वाटी टेबलावर आपटली. रडू आवरेना.

"तुमाले माहीत होतं? त्याच दिवशी?"

"हो."

"मंग बोल्ले काहून नाही?"

"माह्या मशीनपुढं कोनी हात जोडले, त्याले मी काय बोलू?" ते स्टुलावर टेकले. "अन् तुमची कनी कारन होती, चूक माही होती. पान्यात जाच्या आधी रिंग पाहाची. वीस डाव लोकाइले सांगतलं असन मी. त्या दिवशी बाई रडून राह्यलती, म्हशी येनार होत्या, मी पाह्यलंच नाही. थकलो होतो म्हनता येत नाही, ताई. थकलेला तं मी रोजच असतो."

मी पूजा केली. बोटं आधी धुतली, पुसली, मग टिळा लावला. अक्षता वाहायला हात धजेना. त्यांनीच चिमूट उचलून वाहिल्या.

दिवाळीनंतर त्यांनी दुकान आवरलं. मुलगी यवतमाळला लोहाऱ्यात राहते, जावई तिथल्या एमआयडीसीत कामाला आहे. तिनं खूप दिवसांपासून धोशा लावला होता. मशीन माझ्या चिंध्यांत गुंडाळून त्यांनी सोबत नेली. फुगलेली रिंग मात्र खिळ्याला तशीच राहिली. बस सुटताना म्हणाले, "भिंतीपलीकून आता आवाज नाही येनार. झोप लागन तुमाले." दुकानात आता मोबाइलवाला आहे. तो दिवसभर गाणी लावतो आणि कधीच थकत नाही.

ह्या वर्षी वैशाखात जमनीबाईच्या नातीला मुलगी झाली. तिची कुंची-टोपरी द्यायला मी ऑटोनं तांड्यावर निघाले होते. ऊन डोक्यावर होतं. ऑटो तलावाच्या कडेनं वळला आणि मी बघितलं, यंदा तलाव आटला होता. मधे डबक्याएवढं पाणी, बाकी सगळा भेगाळलेला, कडेला ओला गाळ. ज्या दगडावर जमनीबाई बसली होती तो आता काठापासून लांब, उघडा पडला होता.

गाळात एक माणूस होता. वाकलेला, पायजमा नडगीपर्यंत, डोक्यावर पांढरी टोपी. जमिनीत दोन खुंट्या, खुंट्यांना दोरी. हातात आधाराला त्याच मशीनची दांडी, थाळी काढून टाकलेली. दोरीच्या कडेनं एक पाऊल, बोटांनी चाचपणं, मग दुसरं पाऊल. ऑटोवाला म्हणाला, "थो बुढा पंधरा दिवस झाले येते. यवतमायच्या पयल्या बशीनं येते अन् दुपारच्यानं जाते. तांड्यावर कोनाले सांगत नाही काय शोधते तं."

मी ऑटो थांबवला. कुंची पिशवीत, पिशवी खांद्याला. काठावर उभी राहिले तेव्हा माझी सावली दोरीवर पडली. त्यांनी मान वर केली नाही.

"ताई, इकडचं झालं माहं," ते म्हणाले. "तुमी त्या दगडापासून घ्या. चपला काढा आधी."